शेतकऱ्याचे दुःख गाणारा संगीतकार

वेस्ट इंडीजमध्ये पोर्तो रिको नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील आग्वादिया गावी, तंबाखूच्या धंद्यावर पोट भरणाऱ्या एका गरीब कुटुंबात राफाएल एर्नांदेस ह्यांचा जन्म झाला. बालपणी ते चिरूट वळण्यास शिकले. परंतु त्यांचे मन संगीतात रमत असे. बाराव्या वर्षी सान हुआन शहरी त्यांचे संगीतशिक्षण सुरू झाले. व्हायोलिन, पियानो, गिटार अशी अनेक वाद्ये त्यांनी आत्मसात केली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या एका कृष्णवर्णीय पलटणीच्या वाद्यवृंदातून ते फ्रान्सला गेले. पुढे न्यूयॉर्क येथे राहत असता १९२९ साली त्यांनी ‘लामेंतो बोरिंकानो’ हे गीत रचले. त्यातील शेतकरी घोडीवर माल लादून आनंदाने बाजारास निघतो. माल विकला की पत्नीस नवे वस्त्र घ्यावे, हा त्याचा मनोरथ! पण शहरात सर्वत्र दैन्य पसरलेले. गिऱ्हाईक कोठून मिळणार? आणलेले ओझे तसेच घेऊन तो परततो. आता आपल्या बेटाचे व मुलाबाळांचे कसे होणार, ह्या चिंतेने तो व्याकूळ होतो.

जागतिक मंदीच्या त्या काळात स्पॅनिश बोलणाऱ्या अनेक देशांतील लोकांना त्या गीतात आपलेच दुःख ऐकू आले. काही वर्षे मेक्सिकोत राहून १९४७ साली एर्नांदेस मायभूमीस परतले. १९६५ साली त्यांचे निधन झाले. आग्वादियाच्या विमानतळास आज त्यांचे नाव आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे ते गीतच होय. दूरदेशी राहूनही गावाकडील श्रमिकाचे दुःख ते विसरले नाहीत, ह्यातच त्यांचे मोठेपण आहे.