द्राक्ष निर्यात : स्पर्धकांनी एकमेकांना काय सांगावे, काय नाही?

तासगाव असो की सीमेपलीकडचे अथणी, विजापूर. युरोपात द्राक्ष पोहोचले की त्यावर एकच शिक्का असतो, ‘भारत’. त्यामुळे एकाचा कंटेनर नापास झाला की संशय सगळ्यांवर येतो.

2010 च्या हंगामात नेमके हेच झाले. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे बागायतदारांच्या ‘सीसीसी’चा अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त सापडला. आपल्याकडच्या तपासणी यादीत तेव्हा हे रसायनच नव्हते. कंटेनर अडकले आणि बागायतदारांचे पैसेही अडकले.

अशा वेळी पहिली बातमी दाबून ठेवणारा स्वतःचेच नुकसान करतो. वेळीच कळले तर मागचा माल तरी थांबवता येतो.

सरकारी पातळीवर यासाठी अपेडाची ‘ग्रेपनेट’ यंत्रणा आहे. प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस आणि प्रमाणपत्रे एकाच साखळीत जोडलेली असतात. नमुना नापास झाला की सूचना जाते आणि त्या प्लॉटचा माल अडवला जातो.

पण खरेदीदाराची खोटी सबब ग्रेपनेटला कळत नाही. बराच माल आधी पाठवून नंतर दर ठरवण्याच्या बोलीवर जातो. ‘मणी गळाले, माल मऊ पडला’ असे सांगून तिकडून दर पाडला जातो. खरे काय? एकटा निर्यातदार काय ओळखणार! त्याच आठवड्यात माल पाठवलेल्या चौघांनी सर्व्हे रिपोर्ट ताडून पाहिले, तर खरे दुखणे कुठले आणि बहाणा कुठला, हे उघडे पडते. खरेदीदाराला सगळ्यांचे माहीत असते, विकणाऱ्याला फक्त स्वतःचे. फरक इथेच पडतो.

मग काय सांगावे? रसायनांच्या मर्यादेतले बदल, बंदरावरचा उशीर, कंटेनरमधील तापमानाच्या तक्रारी, पैसे थकवणारे खरेदीदार. काय राखावे? स्वतःचा दर, ग्राहकाशी झालेला करार. आणि ऐकीव गोष्ट पुढे ढकलू नये. हातात कागद हवा. खरेदीदाराच्या पतीबद्दल शंका असेल तर ईसीजीसीकडे चौकशी करता येते.

फक्त घेणारा आणि काहीच न देणारा सदस्य असला की असे गट मोडतात. त्याची झळ मात्र शेवटी बांधावर पोहोचते. अथणीचा माल तासगावच्या पॅकहाऊसमधून गेला, तरी दर पडल्यावर हिशेब बागायतदाराच्याच पट्टीवर कमी होतो.