मुखत्यारपत्र : आम द्यावे की खास?

भाऊ पुण्याला नोकरीला, बहीण सासरी आणि जमीन गावी. मोजणी आली, कोर्टाची तारीख पडली, की दर वेळी सर्वांनी रजा काढून येणे जमत नाही. अशा वेळी घरातल्या एकाच्या नावे मुखत्यारपत्र करून देतात. सोय चांगली आहे. पण आपण नेमके काय लिहून देतो, हे प्रत्येकाला, विशेषतः माहेरच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या भगिनींना, ठाऊक असले पाहिजे.

प्रकार कोणते?

मुखत्यारपत्राने आपण जमीन देत नाही; आपल्या वतीने काम करण्याचा व सही करण्याचा अधिकार देतो. 'खास' मुखत्यारपत्र ठरावीक कामापुरते असते. अमुक गटाची मोजणी करून घेणे, अमुक दावा चालवणे. काम झाले की अधिकार संपला. 'आम' मुखत्यारपत्रात वहिवाट, बँक, कचेरी, कोर्ट अशी अनेक कामे येतात, आणि मजकुरात लिहिले असेल तर विक्री व गहाणसुद्धा.

खरी मेख इथेच आहे. मोजणीसाठी म्हणून सही केली आणि आत विक्रीचा अधिकार लिहिलेला असला, तर मुखत्याराने केलेले खरेदीखत आपल्यावर बंधनकारक ठरू शकते. म्हणून एका कामासाठी खासच द्यावे. गाव, गट नंबर, काम व मुदत स्पष्ट लिहावी. 'विक्री, गहाण वा बक्षीसपत्राचा अधिकार नाही' हे वाक्य घालण्यास नात्याचा संकोच धरू नये.

कधी संपते?

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणारा वारला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, की सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्र संपते. वडिलांच्या पश्चात त्यांच्या मुखत्यारपत्रावर व्यवहार करू नये. वारसनोंद करून घ्यावी.

आपल्या हयातीत ते रद्दही करता येते. तसे मुखत्याराला लेखी कळवून पोच घ्यावी. बँक व दुय्यम निबंधक कार्यालयालाही कळवावे. मात्र मोबदला घेऊन दिलेल्या आणि मुखत्याराचा त्या मिळकतीत स्वतःचा हितसंबंध असलेल्या पत्राला हे नियम तसेच लागू होत नाहीत. ते सहजी रद्द होत नाही.

घेणाऱ्यानेही जपावे

नुसत्या मुखत्यारपत्रावर पैसे मोजून जमिनीची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदणी झालेले खरेदीखतच हवे.

कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. मजकूर विश्वासू माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि एक प्रत आपल्या पेटीत ठेवावी.