रानमोडीला वाट कोण देतं?

रत्नागिरीहून निघालं की हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि पुढे पालीला कोल्हापूरची वाट त्यापासून वेगळी होते. नाणीज, साखरपा करत ती आंबा घाट चढते. या दोन्ही रस्त्यांच्या रुंदीकरणासाठी गेल्या काही वर्षांत डोंगर कापले गेले, भराव पडले, इकडची तांबडी माती तिकडे गेली. अशा भरावावर दोन पावसाळ्यांत जे हिरवं माजतं, ते गाडीतून पाहणाऱ्याला कोकणची हिरवाई वाटतं. उतरून जवळ गेलं की ती बहुतेक ठिकाणी रानमोडी निघते. समोरासमोर पानांची जोडी, देठाशी फुटलेल्या तीन ठळक शिरा, कडेला मोठे दाते आणि पान चुरगाळलं की नाकात शिरणारा उग्र वास. ओळखायला एवढं पुरे.

ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून बंगाल, आसाम, पुढे सह्याद्रीपर्यंत पसरली. घाणेरीही त्याच उद्यानातून, १८०९च्या सुमारास, शोभेचं कुंपण म्हणून देशात शिरली. आज देशातल्या वाघांच्या अधिवासातलं सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगल घाणेरीने व्यापलं आहे, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींची यादी केली, तीत रानमोडी आणि घाणेरी दोन्ही आहेत. आपल्याकडे चाऱ्यासाठी कौतुकाने लावलेली सुबाभूळही त्याच यादीत आहे.

रानमोडीचं बळ तिच्या बियांत आहे. डिसेंबर-जानेवारीत फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. फुलं सुकली की प्रत्येक झुबक्यातून बारीक काळ्या बिया मोकळ्या होतात. बी चार-पाच मिलिमीटरचं, टोकाला केसांचा झुपका. वाऱ्यावर ते उडतं, कपड्यांना, गुरांच्या अंगाला, ट्रकच्या ताडपत्रीला चिकटतं, चाकाच्या चिखलात बसून पुढच्या गावी जातं. एका झुडपाला अशा हजारो बिया लागतात. महामार्गाच्या फाट्यावरच्या गावाला या झाडाचा सासुरवास जास्त का, याचं उत्तर इथेच आहे.

पण बी पडलं म्हणजे ते रुजलंच असं नाही. रानमोडीच्या बीला उजेड लागतो. गर्द सावलीत ती नीट रुजत नाही आणि रुजली तरी खुरटते. म्हणून ज्या देवराईचं छत अजून मिटलेलं आहे, तिच्या कडेला रानमोडी दाटते आणि आतल्या काळोखात विरळ होत जाते. राईतून रस्ता काढला, दोन मोठी झाडं पाडली, देवळाभोवती मोकळं अंगण केलं, की त्या उजेडाच्या पट्ट्यातून ती आत येते. मला या सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे दिसतं. जमीन आपण उघडी करतो आणि रानमोडी ती भरून काढते.

कोकणात जमीन उघडी पडायला रस्ता हे एकच कारण नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पूर्वी नाचणी, वरी होत असे. उरलेल्या उतारावर गुरांसाठी गवत राखलेलं असे. भाताची दाढ भाजायला ऐन-किंजळाची कवळं तोडली जात आणि ती झाडं पुन्हा फुटत. माणसं मुंबईला गेली, गोठे रिकामे झाले, वरकस पडीक राहिली. जिथे वर्षातून तीन-चारदा माणसाचा हात फिरत होता, तिथे आता कोणी फिरकत नाही. गुरं रानमोडीला तोंड लावत नाहीत, त्यामुळे उरलीसुरली गुरं चांगलं गवत खाऊन तिलाच मोकळं रान करून देतात. करवंद, कुडा, रामेठा तिच्याखाली गुदमरतात. भारंगी आणि फोडशी शोधायला पावसाळ्यात बाहेर पडणाऱ्या बायकांना आता जास्त लांब जावं लागतं, कारण जवळच्या उतारावर या भाज्यांना जागाच उरत नाही.

उन्हाळ्यात हेच झुडूप वाळून काडी होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागला की वाळलेली रानमोडी तो गडग्यावरून थेट काजूच्या बागेत नेते. झाडं होरपळतात, आणि रानमोडी मात्र पहिल्या पावसात मुळाच्या खोडक्यातून पुन्हा फुटते. ज्या बागायतदाराने जाळरेषा काढली नाही, त्याचं वर्षाचं पीक जातं.

सड्यावरची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त काळजीची वाटते. रत्नागिरी तालुक्यातले कातळाचे सडे परक्या माणसाला ओसाड वाटतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण कातळावर माती बोटभरही नसते, आणि जी असते तिच्यात नत्र जवळजवळ नसतं. याच टंचाईवर इथली झाडं घडली आहेत. सीतेची आसवं ही वनस्पती निळी-जांभळी फुलं घेऊन डबक्याकाठी उभी असते. तिच्या मुळाजागी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत सापडलेले बारीक जीव पचवून ती नत्र मिळवते. तिच्या जोडीला गेंदाचे पांढरे गोंडे. पहिल्या पावसांत फुलणारी पांढरीशुभ्र दीपकाडी तर कोकण-गोव्याच्या सड्यांवरच सापडते.

अशा जमिनीला सुपीक करणं म्हणजे तिथल्या झाडांची जागा काढून घेणं. १९८०च्या दशकापासून सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प ठिकठिकाणी लावले गेले. हेतू चांगला होता. गिरिपुष्पाचा पाला भाताच्या खाचरात गाडला तर खत म्हणून उत्तम, यात वाद नाही. पण दोन्ही झाडं मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र जमिनीत साठवतात. खाचरात जे वरदान, तेच सड्यावर संकट. कातळावर पाला साचतो, माती दाटते, नत्र वाढतं आणि सीतेच्या आसवांच्या जागी गवताळ तण आणि रानमोडी येते. आंब्याच्या बागेसाठी कातळ फोडून बाहेरची माती टाकली की त्या मातीतून तणाचं बीही येतं. उक्षी, जांभरूणच्या कातळशिल्पांची नोंद २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली. दगडावरच्या चित्राला जे संरक्षण आपण मागतो, ते त्याच दगडावरच्या दीपकाडीसाठीही मागायला हवं.

परदेशातून आलेलं सगळंच वाईट, असं मी म्हणत नाही. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला, मिरची अमेरिकेतून आली. काजू चार शतकं कोकणात आहे आणि कोकणाला पोसतो आहे. गाजरगवताचं मात्र तसं झालं नाही. १९५६ साली पुण्यातल्या नोंदीतून ते देशभरातल्या अभ्यासकांसमोर आलं. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून ते आलं असं घरोघरी सांगितलं जातं, पण त्या गव्हाचा करार ऑगस्ट १९५६चा आहे आणि पुण्यात ते त्याआधीच दिसलं होतं. आरोप कुणावर करायचा यात आपण जितका वेळ घालवला, तितका ते उपटण्यात घालवला असता तर बरं झालं असतं.

प्राण्यांतही हेच. आफ्रिकन गोगलगाय १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याच्या एका बागेत आणून सोडली गेली. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनवर गोगलगायींनी धाड घातली तेव्हा शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. रोपवाटिकेच्या कुंडीतून, मातीच्या डंपरमधून तिची अंडी कुठेही जाऊ शकतात. कोकणातल्या प्रत्येक सुपारीच्या बागेने यावर लक्ष ठेवायला हवं.

परक्या झाडाचा परिणाम किती दूर जातो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या सेंट लुसिया सरोवराकाठी कळलं. तिथे मगरी ज्या उघड्या वाळूत अंडी घालतात, तिथे रानमोडी वाढली. तिच्या सावलीने घरट्याची जागा पाच-सहा अंशांनी थंड झाली. मगरीच्या पिल्लाचं लिंग उष्णतेवर ठरतं, त्यामुळे माद्यांचं प्रमाण भलतंच वाढण्याचा धोका २००१ साली संशोधकांनी दाखवून दिला. त्याच देशाने १९९५ साली गावातल्या गरिबांना मजुरी देऊन परकी झाडं काढण्याचा कार्यक्रम सुरू केला. रोजगार हमीचा कायदा ज्या महाराष्ट्राने १९७७ साली केला, त्याला हे अवघड नाही. एकदा तोडून बिल काढायचं आणि विसरायचं, असं मात्र चालणार नाही. त्याच जागेवर सलग तीन-चार वर्षं जावं लागतं आणि मोकळ्या झालेल्या जागी कुडा, करवंद, ऐन लावावे लागतात.

किडींचा उपाय आहे, पण तो अपुरा आहे. गाजरगवतावर मेक्सिकन भुंगे १९८४ साली सोडले गेले. रानमोडीच्या खोडावर गाठी करणारी माशी इंडोनेशियाहून आणून बंगळूरला सोडली गेली. त्यांनी जोर थोडा कमी होतो, झाड नाहीसं होत नाही. कायदाही आता आहे: वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीने आक्रमक परकी प्रजातींची आयात आणि व्यापार रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला. पण पालीच्या भरावावर उगवलेलं झुडूप दिल्लीहून कोणी उपटायला येणार नाही. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची नोंदवही कायद्याने असायलाच हवी. कुठल्या वाडीत रानमोडी किती, कुठला सडा अजून स्वच्छ, हे त्या नोंदवहीत लिहिलं गेलं पाहिजे. रस्त्याच्या ठेकेदाराकडून भरावावर स्थानिक गवत आणि झुडपं लावून घेण्याची अट ग्रामसभेने ठरावाने मागावी.

दिवाळीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना एक विनंती. पाऊस नुकताच संपलेला असतो, माती अजून ओली असते आणि रानमोडीला फूल यायला महिना-दीड महिना असतो. याच दिवसांत लहान झाड हाताने मुळासकट येतं. जुन्याला कुदळ लागते, नुसता कोयता मारला तर ते चौपट फुटतं. उपटलेलं झाड मुळं वर करून ठेवा, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही, आणि वाळलं की जाळू नका, काजूच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घाला. आपल्या बांधापासून, आपल्या गडग्यापासून सुरुवात करा आणि पुढच्या दिवाळीला त्याच जागेवर परत या.