छंदाचे अर्थशास्त्र

हेल्सिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१च्या जानेवारीत नवा संगणक विकत घेतला. पैसे पुरेसे नव्हते. नाताळात मिळालेली रक्कम आणि विद्यार्थी म्हणून घेतलेले कर्ज एवढेच भांडवल हाताशी होते. उरलेली किंमत हप्त्यांनी फेडावयाची होती. यंत्र घरी आले, पण त्यावर जी प्रणाली चालवावी असे त्याच्या मनात होते, तिच्या फ्लॉप्या टपालाने यावयाच्या होत्या. त्या येईपर्यंतचे दिवस लिनस टोरवाल्ड्स नावाच्या या तरुणाने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ खेळण्यात घालविले. कर्ज काढून घेतलेल्या यंत्रावर मुलगा खेळ खेळत बसला आहे, हे दृश्य आपल्याकडच्या एखाद्या घरात दिसते तर वडीलधाऱ्यांनी काय म्हटले असते, हे सांगावयास नको.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात वस्तूंचे दोन वर्ग केलेले असतात : उपभोग्य आणि भांडवली. दूरचित्रवाणी संच पहिल्या वर्गात बसतो, यंत्रमाग दुसऱ्या. संगणक मात्र कोणत्या रकान्यात घालावा, हे तो कोण वापरतो आणि कोणत्या वेळी, यावर ठरते. संध्याकाळी खेळ खेळताना तो उपभोग्य वस्तू असतो आणि मध्यरात्री त्याच खुर्चीवर बसून त्याच माणसाने आज्ञावली लिहावयास घेतली की तो भांडवली वस्तू होतो. विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही खरेदीच्या दिवशी यांतले काय घडणार हे ठाऊक नसते. त्यामुळे अशा खरेदीला उधळपट्टी म्हणावे की गुंतवणूक, हा निर्णय फार लवकर देण्यात अर्थ नाही.

टोरवाल्ड्स या विषयाकडे वळला तो आजोबांमुळे. लिओ टॉर्नक्विस्ट हे हेल्सिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१च्या सुमारास त्यांनी कमोडोर कंपनीचा ‘व्हिक-२०’ हा छोटा घरगुती संगणक घेतला. आजोबा कागदावर बेसिक भाषेतील प्रोग्रॅम लिहीत आणि अकरा वर्षांचा नातू त्यांच्या मांडीवर बसून तो टंकित करी. कोणी अभ्यासक्रम नेमून दिला नव्हता, परीक्षा नव्हती. १९८३ मध्ये आजोबा वारले. पुढे मुलाने ‘सिंक्लेअर क्यूएल’ हे यंत्र घेतले. फिनलंडमध्ये त्यासाठी तयार प्रोग्रॅम फारसे मिळतच नसत. साहजिकच संपादकापासून फ्लॉपी चालविणाऱ्या आज्ञावलीपर्यंत जे जे हवे ते त्याने स्वतःच लिहून काढले. टंचाई ही काही मोठी गुणकारी गोष्ट नव्हे, पण या एका बाबतीत तिने शिक्षकाचे काम केले हे मान्य करावे लागते.

१९९०च्या हिवाळ्यापूर्वीच्या सत्रात विद्यापीठाने युनिक्स प्रणालीचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यासाठीच्या यंत्रावर एका वेळी सोळाच जणांना काम करता येई, त्यामुळे रांग लागे. घरी बसून विद्यापीठाच्या यंत्राशी टेलिफोनवरून जोडून घेता यावे, एवढीच नव्या संगणकाच्या मालकाची गरज होती. प्रोफेसर अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकविण्यासाठी तयार केलेली मिनिक्स ही प्रणाली त्याने मागविली होती, पण तिच्यातील ही सोय त्याच्या पसंतीस उतरली नाही. मग नव्या चिपची ओळख करून घेण्याच्या निमित्ताने त्याने एक लहानसा प्रयोग केला. यंत्राने दोन कामे आलटून पालटून करावयाची. एका कामाने पडद्यावर ‘ए’ हे अक्षर उमटवीत राहावे, दुसऱ्याने ‘बी’. अक्षरांच्या ओळी सरकू लागल्या, पाळी आपोआप बदलू लागली, आणि यंत्राचा वेळ अनेक कामांत वाटून देण्याचे मर्म हाती आले. त्याच दोन कामांपैकी एकाला कळफलकावरून मोडेमकडे अक्षरे पाठवावयास लावले आणि दुसऱ्याला मोडेमकडून आलेली अक्षरे पडद्यावर दाखवावयास. झाला विद्यापीठाशी संपर्क. मग तेथून आणलेले प्रोग्रॅम साठवावे असे वाटले. त्यासाठी डिस्क चालविणारी आज्ञावली लिहावी लागली, आणि डिस्कवर नोंदी ठेवावयाच्या तर त्यांची व्यवस्थाही आलीच. गरजेतून गरज निघत गेली. पुढे एकदा विद्यापीठाचा क्रमांक फिरवण्याची आज्ञा चुकून मोडेमऐवजी डिस्ककडेच गेली आणि मिनिक्सचा महत्त्वाचा भाग पुसला गेला. तो पुन्हा भरता आला असता. टोरवाल्ड्सने ते टाळले व स्वतःच्या प्रणालीवरच काम करावयाचे ठरविले.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी संगणकजाळ्यावर मिनिक्सच्या वापरकर्त्यांना उद्देशून त्याने या कामाची वर्दी दिली, तीही हा केवळ छंद आहे, याचे मोठे काही व्हावयाचे नाही, अशा अर्थाच्या शब्दांत. सप्टेंबरमध्ये सुमारे दहा हजार ओळींची पहिली आवृत्ती इतरांसाठी ठेवली गेली. तिला ‘फ्रीक्स’ म्हणावे असे कर्त्याच्या मनात होते. ज्याने ती आपल्या यंत्रावर जागा देऊन ठेवली त्याने ‘लिनक्स’ हे नाव दिले आणि तेच टिकले. आज ॲण्ड्रॉइड फोनच्या मुळाशी हीच प्रणाली असते, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तीत लिनक्सवर न चालणारे यंत्र उरलेले नाही. प्रगत संगणन विकास केंद्राने ‘बॉस’ या नावाने तयार केलेली भारतीय भाषांची प्रणालीही याच घराण्यातील.

मालकी हक्काचा प्रश्न येथे अटळपणे उभा राहतो. १९७५ मध्ये अमेरिकेत ‘अल्टेअर’ हा संगणक सुट्या भागांच्या स्वरूपात विकला जाऊ लागला, तेव्हा छंदिष्टांची मंडळे निघाली आणि ती प्रोग्रॅमच्या प्रती एकमेकांना खुशाल देऊ लागली. १९७६च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी या छंदिष्टांना अनावृत पत्र लिहून त्यांना चोर ठरविले. कष्टाचा मोबदला मिळाला नाही तर चांगला प्रोग्रॅम लिहील कोण, हा त्यांचा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता. अपुरा मात्र होता. कारण मोबदल्याखेरीज इतर कारणांसाठीही माणसे काम करतात, आणि भजनी मंडळे, व्यायामशाळा, ग्रंथालये यांच्या महाराष्ट्राला हे नव्याने सांगावयास नको. टोरवाल्ड्सने पैसे मागितले नाहीत. ज्यांना प्रणाली आवडेल त्यांनी आपल्या गावाचे पोस्टकार्ड पाठवावे, असे सुचविले. कार्डे खरोखरच आली. प्रारंभीच्या परवान्यात विक्रीला बंदी होती. १९९२ मध्ये ती उठवून, विक्री करा पण मूळ आज्ञा खुल्या ठेवा, असा सर्वांना बांधील परवाना स्वीकारला गेला. एवढेच नव्हे, तर संगणकाचे राहिलेले हप्ते फेडण्यासाठी वापरकर्त्यांनी वर्गणी गोळा केली. अनोळखी माणसांनी एका विद्यार्थ्याचे कर्ज फेडावे, या व्यवहाराला बाजाराच्या सिद्धान्तात कोणते नाव द्यावे, हा विद्यार्थ्यांना घालण्याजोगा चांगला प्रश्न आहे.

एवढ्यावरून छंद फुकट असतो असे मात्र कोणी समजू नये. १९८८ मध्ये विद्यापीठात दाखल झालेल्या या विद्यार्थ्याने पदव्युत्तर पदवी घेतली ती १९९६ मध्ये. मधल्या आठ वर्षांत लष्करी सेवेचे अकरा महिने वगळले तरी वेळ पुष्कळच उरतो. तो वेळ कोणी पुरविला? फिनलंडमध्ये विद्यापीठाचे शिक्षणशुल्क नव्हते, विद्यार्थ्याला अनुदान मिळे, बँकेच्या कर्जाला सरकारची हमी असे. राहावयास आईचे घर होते. पुढे विद्यापीठाने साहाय्यकाची नोकरी दिली आणि त्या नोकरीत लिनक्सचे काम करण्यास मज्जाव केला नाही. प्रतिभा त्या तरुणाची होती. सवड मात्र करदात्यांनी पुरविली होती. पुढे अमेरिकेत गेल्यावर, लिनक्सवर उभ्या राहिलेल्या कंपन्यांच्या समभागांतून १९९९ मध्ये त्याला संपत्तीही मिळाली. पण हप्ते फेडताना ती कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

आपल्याकडे संगणक आला तो निराळ्या वाटेने. विमा कंपन्या व बँका यांतील कर्मचाऱ्यांना तो प्रथम दिसला नोकरी हिरावून घेणारे यंत्र म्हणून, आणि त्यांच्या संघटनांनी अनेक वर्षे त्याला विरोध केला. त्यानंतर तो आला प्रमाणपत्राच्या रूपाने. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक नेला, ही त्याची कामगिरी मोठीच. पण सरकारी नोकरीच्या अटीशी त्याची गाठ पडल्यावर परीक्षा उत्तीर्ण होणे हेच अनेकांचे साध्य झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी घरच्यांनी कर्ज काढून संगणक घ्यावा आणि तिसऱ्या वर्षी त्याला कंपनीने उचलावे, एवढाच त्या यंत्राचा हिशेब घरोघरी मांडला जातो. ज्या घरात एकच कमावता आहे त्या घराला या हिशेबाबद्दल दोष देणे निर्दयपणाचे होईल. दोष असलाच तर शिक्षणसंस्थांकडे जातो. प्रयोगशाळेला कुलूप पाच वाजता लागते, आणि नेमलेल्या दहा प्रयोगांपलीकडे विद्यार्थ्याने अकरावा केला तर त्याला वहीत जागा नसते. कुलूप रात्री नऊला लावावयाचे ठरविले तर खर्च फार येत नाही. एका परिचराचा जादा पगार आणि विजेचे थोडे बिल.

या कथेत संख्याशास्त्रज्ञ आजोबांचे स्थान मांडीपुरतेच नाही. किमतींची किंवा उत्पादनाची सरासरी वाढ मोजण्यासाठी टॉर्नक्विस्ट यांच्या नावाचा जो निर्देशांक वापरतात, त्यात प्रत्येक वस्तूला तिच्यावरील खर्चाच्या हिश्शाएवढे वजन दिले जाते. अमेरिकेत २००२ पासून निघणारा शृंखलित ग्राहक किंमत निर्देशांक याच सूत्राने अंतिम स्वरूपात मोजला जातो. ज्या वस्तूची किंमत शून्य, तिचा खर्चातील हिस्साही शून्य आणि वजनही शून्य. म्हणजे नातवाने जगाला फुकट दिलेली प्रणाली आजोबांच्या सूत्रात कोठेच उमटत नाही. तिच्यावर चालणारा फोन उमटतो, फोनच्या जाहिराती उमटतात.

टोरवाल्ड्सचे छंद संपलेले नाहीत. समुद्रात बुडी मारण्याची हौस लागली तेव्हा बुड्यांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम त्याने २०११ मध्ये लिहिला. २०२० मध्ये पुन्हा नवा संगणक घेतला, या वेळी पंधरा वर्षांची सवय मोडून इंटेलऐवजी एएमडीच्या चिपचा. अलीकडे गिटारचा आवाज बदलणारी लहान विद्युत्‌यंत्रे तो हौसेने जोडत बसतो. २०२६च्या जानेवारीत त्याने याच नादात लिहिलेला एक प्रोग्रॅम खुला केला. त्यातील ध्वनीचे मुख्य गणित त्याने स्वतः लिहिले होते. आलेख दाखविणारा पायथन भाषेतील भाग मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतला होता, आणि आपल्याला पायथन फारसे येत नाही हेही त्याने तेथेच नमूद केले. शिकावयाचे होते ते गिटारचे ध्वनिगणित. ते त्याने यंत्राच्या हाती दिले नाही.