मेजावरची टकटक

‘माझे मन घरच्यांनाही कळत नाही,’ ही तक्रार आम्ही सारेच करतो. १९९० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विदुषीने एक साधा प्रयोग केला. एकाने परिचित गाण्याची लय मेजावर बोटांनी वाजवायची, दुसऱ्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटे, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली अवघी ३! वाजवणाऱ्याच्या मनात सारी चाल घुमत असते. ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती टकटक. मनातले ते गाणे क्षणभर थांबवणे आम्हांला साधत नाही, मग समोरचाच मठ्ठ वाटू लागतो. रुसून बसणाऱ्याचेही (आम्ही त्यांतलेच!) असेच होते. आपल्या अबोल्याचा अर्थ त्याला स्वच्छ ऐकू येतो. घरच्यांना मात्र फक्त आदळलेले भांडे.