देणगीच्या आधीचे देणे : स्टेफनी शर्ली यांची कारकीर्द काय शिकवते?

आयटी क्षेत्रात नोकरी करणाऱ्या तरुणांशी समाजाच्या देण्याविषयी बोलणे निघाले की चर्चा लवकरच रकमेवर येते. पगाराचा किती टक्के द्यायचा? कोणत्या संस्थेला द्यायचा? दरमहा की वर्षातून एकदा? हे प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न बहुतेक वेळा सुटून जातो. ज्या कामातून हा पैसा येतो त्या कामात कोणाला जागा मिळते, आणि त्यातून तयार होणाऱ्या संपत्तीत कोणाचा वाटा असतो?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी ब्रिटनमधील सॉफ्टवेअर उद्योजक डेम स्टेफनी शर्ली यांची कारकीर्द उपयोगी पडते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांनी सुमारे ७ कोटी पौंड दान केले होते. हा आकडा मोठा आहे, पण ही गोष्ट दानापासून सुरू होत नाही. तिची सुरुवात एका निर्वासित मुलीपासून आणि एका सरकारी संशोधन केंद्रापासून होते.

निर्वासित मुलगी ते संशोधन केंद्र

शर्ली यांचा जन्म १९३३ साली जर्मनीतील डॉर्टमुंड येथे झाला. जन्माचे नाव व्हेरा बुख्थाल. वडील ज्यू होते आणि न्यायाधीश होते. नाझी राजवटीत त्यांचे पद गेले आणि कुटुंब व्हिएन्नाला आले. १९३९ च्या उन्हाळ्यात पाच वर्षांच्या व्हेराला आणि नऊ वर्षांच्या तिच्या बहिणीला आई-वडिलांनी ब्रिटनला जाणाऱ्या गाडीत बसवले. 'किंडरट्रान्सपोर्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोहिमेत सुमारे १०,००० मुले ब्रिटनमध्ये पोहोचली. एका इंग्रज दांपत्याने या दोघी बहिणींना सांभाळले.

शाळेत व्हेराला गणिताची गोडी लागली, पण मुलींच्या शाळेत पुढचे गणित शिकवले जात नव्हते. त्यासाठी तिला मुलांच्या शाळेत तासांना बसण्याची परवानगी मिळवावी लागली. विद्यापीठात न जाता वयाच्या अठराव्या वर्षी ती लंडनमधील डॉलिस हिल येथील पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागली. नोकरी सांभाळून सहा वर्षे संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिने गणिताची पदवी घेतली.

हे केंद्र साधे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन गुप्त संदेश उलगडण्यासाठी बांधलेला 'कोलोसस' हा संगणक टॉमी फ्लॉवर्स यांनी याच केंद्रात उभा केला होता. शर्ली तिथे संगणक बांधणे आणि यंत्राच्या भाषेत प्रोग्राम लिहिणे ही कामे शिकल्या. 'अर्नी' या यंत्रावरील कामातही त्यांचा सहभाग होता. ब्रिटिश सरकारच्या प्रीमियम बाँड या बचत योजनेत व्याजाची रक्कम सोडत काढून बक्षीस म्हणून वाटली जाते. १९५७ साली पहिली सोडत निघाली. कोणता क्रमांक निघणार हे कोणालाही आधी कळू नये, एवढी निखळ यादृच्छिकता या यंत्राकडून हवी होती. सामान्य माणसाची बचत, सरकारचा शब्द आणि गणित असे तिन्ही एकाच यंत्रात आले होते.

मात्र जिथे यंत्र कोणाचा पक्षपात करत नव्हते, तिथे माणसांची व्यवस्था करत होती. त्या काळी ब्रिटनच्या सरकारी नोकरीत स्त्री आणि पुरुषांच्या वेतनश्रेणी वेगळ्या होत्या. समान वेतन १९५५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि ते १९६१ मध्ये पूर्ण झाले. पुढे शर्ली एका खासगी संगणक कंपनीत गेल्या, पण तिथेही एका मर्यादेपलीकडे स्त्रीचे म्हणणे ऐकले जात नाही, असा अनुभव त्यांना आला.

सहा पौंडांची कंपनी

१९६२ साली त्यांनी ६ पौंड भांडवलावर 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' ही कंपनी घरातच सुरू केली. त्या वेळी सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तूच मानली जात नव्हती, ते यंत्रासोबत फुकट मिळत असे. त्यामुळे लोक या कल्पनेला हसले. व्यवसायासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरे येत नव्हती. तेव्हा पतीच्या सूचनेवरून त्या 'स्टीव्ह शर्ली' अशी सही करू लागल्या. समोरच्याला ते पुरुषाचे नाव वाटे आणि भेटीची वेळ मिळे.

कंपनीची खरी नवी गोष्ट मात्र तिच्या भरतीत होती. लग्न झाले किंवा मूल झाले म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या प्रशिक्षित स्त्रिया त्यांनी शोधल्या आणि त्यांना घरून काम दिले. त्या काळात प्रोग्राम आधी कागदावर पेन्सिलने लिहिला जाई आणि नंतर यंत्राला दिला जाई. त्यामुळे त्यासाठी कार्यालयात बसण्याची गरज नव्हती, गरज होती ती टेलिफोनची. ग्राहकाचा फोन आला की मागे मुलांचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून शर्ली टाइपरायटरच्या खटखटीची ध्वनिफीत लावून ठेवत.

पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या. मालगाड्यांचे नियोजन, बसचे वेळापत्रक, गोदामातील मालाचा हिशेब अशी कामे त्या करत. 'काँकॉर्ड' या स्वनातीत विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचे प्रोग्रामिंगही याच कंपनीकडे होते. ज्यांना बाजाराने 'आता कामाच्या नाहीत' म्हणून बाजूला काढले होते, त्यांनीच हे काम करून दाखवले.

समाजशास्त्रात आपण संधीची रचना हा शब्द वापरतो. एखाद्या गटातील माणसे मागे दिसतात तेव्हा त्यांची पात्रता तपासली जाते, पण दरवाजा किती उंचीवर बसवला आहे हे कोणी तपासत नाही. शर्ली यांनी कामाची वेळ आणि जागा बदलली, आणि 'मनुष्यबळ मिळत नाही' ही तक्रार निदान त्यांच्यापुरती खोटी ठरली.

१९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा आला. त्यानंतर फक्त स्त्रियांना नोकरी देण्याचे धोरणच बेकायदा ठरले आणि कंपनीला पुरुषांनाही घ्यावे लागले. स्त्रियांना न्याय देण्यासाठी आलेल्या कायद्याचा हा उलटा परिणाम होता, पण शर्ली यांनी तो पाळला.

पगार आणि हिस्सा यांतील फरक

आता वित्ताकडे येऊ. नोकरी मिळणे आणि संपत्तीत वाटा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार हा केलेल्या कामाचा मोबदला असतो, काम थांबले की तो थांबतो. कंपनीचा हिस्सा म्हणजे शेअर मात्र कंपनीसोबत वाढतो, तो पुढच्या पिढीला देता येतो आणि निर्णयात मत देण्याचा अधिकारही देतो. पिढ्यानपिढ्या श्रम करूनही काही समाजांकडे संपत्ती का साठत नाही, याचे एक उत्तर इथे आहे. त्यांच्या वाट्याला मजुरी आली, मालकी आली नाही.

शर्ली यांनी कंपनीचा सुमारे चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या हाती दिला. त्यासाठी कर्मचाऱ्यांकडून पैसे घेतले नाहीत, तो हिस्सा त्यांच्या स्वतःच्या मालकीतून गेला. पुढे कर्मचाऱ्यांचा वाटा आणखी वाढला. खासगी कंपनीच्या शेअरला खुला बाजारभाव नसतो, त्यामुळे अशा हिश्श्याची किंमत अनेक वर्षे कागदावरच राहते. १९९६ साली कंपनी लंडन शेअर बाजारात आली आणि ती किंमत सर्वांना दिसली. कंपनीतील सुमारे ७० कर्मचारी पौंडांत लक्षाधीश झाले.

हीच कंपनी पुढे 'झान्सा' झाली. भारतातही तिचे मोठे मनुष्यबळ होते. २००७ मध्ये फ्रान्सच्या 'स्टेरिया' कंपनीने ती विकत घेतली. नाव पुसले गेले, पण वाटलेली मालकी लोकांच्या घरात राहिली.

दान : घर, शाळा आणि संशोधन

शर्ली यांचा एकुलता मुलगा जाइल्स १९६३ साली जन्मला. तो लहान असतानाच शिकलेले शब्द हरवू लागला. त्याला तीव्र स्वरूपाची स्वमग्नता होती, पुढे अपस्माराचे झटकेही येऊ लागले. घरी सांभाळणे अशक्य झाले तेव्हा त्याला अनेक वर्षे रुग्णालयात ठेवावे लागले. १९९८ साली, वयाच्या ३५व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

शर्ली यांच्या दानाचा क्रम या अनुभवातून समजतो. स्वमग्न प्रौढ व्यक्तींना रुग्णालयाबाहेर, समाजात राहता यावे यासाठी त्यांनी 'किंगवूड' ही संस्था उभी केली. जाइल्स तिथला पहिला रहिवासी होता. त्यानंतर 'प्रायर्स कोर्ट' ही स्वमग्न मुलांची निवासी शाळा १९९९ मध्ये सुरू झाली. मग संशोधनासाठी 'ऑटिस्टिका' ही संस्था आली. आधी राहण्याची सोय, मग शिक्षण, मग कारणांचा शोध असा हा प्रवास आहे. गरज कुठे आहे हे त्यांना अहवाल वाचून नव्हे, स्वतःच्या घरात कळले होते.

दुसरा धागा त्यांच्या मूळ क्षेत्राचा. इंटरनेटचा समाजावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारी 'ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट' २००१ साली त्यांच्या मोठ्या देणगीतून उभी राहिली. सॉफ्टवेअरमधून आलेला पैसा सॉफ्टवेअरचीच सामाजिक तपासणी करण्यासाठी खर्च झाला.

दानाची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. अनेक न्यास मूळ निधी कायम ठेवतात आणि फक्त त्यावरचे उत्पन्न वाटतात. त्यामुळे न्यास टिकतो, पण रक्कम थेंबाथेंबाने बाहेर पडते. १९८६ साली स्थापन झालेल्या शर्ली फाउंडेशनने शेवटी मूळ निधीही देऊन टाकला आणि २०१८ मध्ये काम संपवले. संस्थापकाच्या नावाची पाटी टिकण्यापेक्षा चालू संस्था उभ्या राहणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

मर्यादाही पाहायला हव्यात

या कारकिर्दीचा गौरव करताना तिच्या मर्यादा झाकू नयेत. सुरुवातीला ज्या स्त्रियांना काम मिळाले त्या आधीच प्रशिक्षित होत्या. ज्या मुलींपर्यंत गणितच पोहोचले नव्हते त्यांच्यासाठी हा दरवाजा तेव्हाही बंद होता. कामानुसार मोबदला म्हणजे काम नसलेल्या महिन्यात उत्पन्न नाही, ही असुरक्षितताही त्यात होती. आणि एका मालकाच्या चांगुलपणावर उभी असलेली व्यवस्था कायद्याची जागा घेऊ शकत नाही. मालक बदलला की धोरण बदलू शकते. हक्काला मात्र कायद्याचा आधार असतो.

तरीही आपल्या घरांतून पहिल्यांदाच संगणकासमोर बसलेल्या पिढीने यातून घेण्यासारखे बरेच आहे. आपल्यापैकी फारच थोडे जण कंपनी काढतील. पण आपल्या टीममध्ये भरती होते तेव्हा कोणाचे नाव सुचवायचे, हे आपल्या हातात असते. बाळंतपणानंतर परत येऊ पाहणाऱ्या सहकारी स्त्रीसाठी कामाच्या वेळेचा मुद्दा बैठकीत मांडणे आपल्या हातात असते. स्वतःचा उद्योग सुरू केला तर पहिल्या पाच माणसांना फक्त पगार द्यायचा की हिस्साही, हेदेखील आपणच ठरवतो. यातल्या कशाचीही पावती मिळत नाही आणि देणगीदारांच्या फलकावर नावही लागत नाही.

देणगी द्यावीच. संस्था तिच्यावर चालतात, हे समाजकार्यात काम करणाऱ्या आम्हा लोकांना चांगले ठाऊक आहे. पण शर्ली यांचे ७ कोटी पौंड बाजूला ठेवले, तरी २९७ स्त्रियांचे काम आणि कर्मचाऱ्यांना मिळालेली मालकी उरतेच. ते देणे त्यांनी संपत्ती मिळाल्यानंतर नव्हे, ती मिळवत असतानाच दिले होते.