अंजनगावची बाग

वसंत आला की आमच्या घरी बागा पाहण्याची चर्चा निघते. गेल्या चैत्रात शेजारची मंडळी दिल्लीला राष्ट्रपती भवनाची बाग पाहून आली होती. तिथल्या फुलांचं वर्णन ऐकून सौभाग्यवतींनी माझ्याकडे अपेक्षेने पाहिलं. मी त्यांना एका दिवसासाठी अंजनगाव सुर्जीला नेलं! "तिथे कसली आलीय बाग?" हा प्रश्न परतवाडा मागे पडला तरी चालूच होता.

तसा दिल्लीचा आणि या गावाचा संबंध जुना आहे. असई आणि अडगावच्या लढाया हरल्यावर १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो इथे. दिल्ली-आग्र्यासह गंगायमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर, सगळ्यावर त्यांना पाणी सोडावं लागलं. शाळेत आम्ही हा तह एका गुणासाठी पाठ केला होता.

सुर्जीतल्या देवनाथांच्या मठात दर्शन घेतलं आणि यजमानांना तहाची जागा विचारली. यजमान म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील.

"सर, तह कुठंय झाला असन, तुम्ही मळ्यात चाला. ऊन चढलं का मंग काई दिसत नाई."

पानमळ्याच्या तोंडाशी त्यांनी वहाणा काढायला लावल्या. बाहेर वऱ्हाडचं ऊन, आत पाऊल टाकताच ओला गारवा. शेवरी आणि पांगाऱ्याच्या खोडांवर वेली चढलेल्या, उजेडसुद्धा हिरवा. कडेला पानपिंपळी होती. सुंठ, मिरे, पिंपळी या त्रिकटूतली ती हीच, आणि विड्याच्या पानाची सख्खी बहीण. सौभाग्यवतींचा प्रश्न तिथे मिटला.

मळ्यात उतरणीचे दिवस होते. वेल शेंड्याला पोचली की पानं बारीक पडतात. मग ती अलगद खाली घेतात, बुडाकडच्या उघड्या वेलीचं वेटोळं करून मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा खोडाला बांधतात. पुरलेल्या पेरांतून नवे धुमारे फुटतात. काम नाजूक, आणि माणसं मिळत नाहीत.

"पोरगा पुण्यात हाय. मी एकटा किती दिवस करू? यंदा उतरण करू का वेलच काढून टाकू? तुम्हीच सांगा सर."

मी काय सांगणार? त्या मुलाला शिकायला बाहेर काढणारा मीच. "मळ्यात काय ठेवलंय?" हे शब्दही माझेच. मी आपला पांगाऱ्याची लाल फुलं पाहत राहिलो.

निघताना त्यांनी केळीच्या पानात शंभर पानं मोजून बांधून दिली. पैशांचं नावही काढू दिलं नाही.

आठवड्याने त्यांचा निरोप आला: निम्म्या मळ्याची उतरण केली. मी पुण्याला फोन लावून मुलाला ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

मग त्याने विचारलं, "सर, निम्मा म्हणजे कोणता? विहिरीकडचा का?"